आवाज कुणाचा?

गोंदियात राहून माणसाला स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यावा, ही साधी गोष्ट नाही. शहराच्या मधून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग गेला आहे. त्याला वरून बालाघाट-जबलपूरची लाइन येऊन मिळते आणि खालून चांदाफोर्ट-बल्लारशाहची. त्यामुळे चोवीस तासांत कोणती ना कोणती गाडी शिट्टी देत असतेच, आणि जी देत नसते ती आउटरला उभी राहून आपली पाळी यायची वाट पाहत असते. शहराभोवती राइस मिल आहेत आणि हंगामात धानाची भरडाई रात्रंदिवस चालते. सकाळी कचऱ्याची गाडी स्वच्छतेचं गाणं लावून येते. तिच्यामागून भंगारवाला ‘पुराना कूलर, पुरानी मोटर’ अशी रेकॉर्ड वाजवत येतो, त्याच्यामागून आलू-कांदेवाला. दुपारी प्रचाराचा ऑटो, संध्याकाळी वरात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कोणाच्या वाट्याला किती तलाव आले आणि किती जंगल आलं याचा हिशेब लोक अजून मांडत बसतात. आवाज मात्र सगळा गोंदियाच्या वाट्याला आला, यावर दोन्ही जिल्ह्यांचं एकमत व्हायला हरकत नाही.

अशा गावात आणखी एक आवाज वाढला तर तो कळणार कसा?

मला तो पावसाळ्यात कळला, आणि त्याला कारण आहे. विदर्भात कान वाजण्याचं दुखणं ऋतुमानाप्रमाणे उघडकीला येतं, असं माझं मत आहे. मार्चअखेरीस खिडकीत पत्र्याचा कूलर बसतो, तो मृग बरसेपर्यंत हलत नाही. त्याच्या घरघरीखाली माणसाचे कान वाजोत की दात वाजोत, कोणाला पत्ता लागत नाही. पाऊस लागला की कूलर माळ्यावर जातो, वाळ्याच्या ताट्या कोपऱ्यात उभ्या राहतात, आणि मग एखाद्या रात्री वादळात लाइट जाते. पंखा थांबतो. फ्रिज एक हिसका देऊन गप्प होतो. शेजारच्यांची मालिका ऐन भांडणात बंद पडते. सगळं थांबलं तरी एक आवाज थांबत नाही.

मी आधी इन्व्हर्टरला कान लावला. मग गॅसच्या सिलिंडरला. मग मोबाइलच्या चार्जरला, जो लाइट नसताना आवाज करण्याचं काही कारण नव्हतं, पण चार्जरवर माझा आधीपासूनच विश्वास नाही. शेवटी भिंतींना कान लावत घरभर फिरत असताना आमची ही उठून बसली.

“का शोधून राह्यलेत जी?”

“आवाज.”

“कोनाचा?”

हा प्रश्न महाराष्ट्रात एरवी मैदानावर विचारला जातो आणि उत्तर द्यायला हजारभर गळे तयार असतात. त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरात त्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं. ती दोन मिनिटं खरंच कान देऊन बसली. “मले तं काहीच नाही येत,” म्हणाली आणि झोपली. या आजाराचं सगळं दुःख त्या एका वाक्यात आहे. ताप दाखवता येतो, सूज दाखवता येते, मुतखडा तर काढल्यावर बाटलीत ठेवून पाहुण्यांना दाखवता येतो. कानातल्या आवाजाला साक्षीदार नसतो.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, “आवाज कसा आहे?” हा प्रश्न सोपा वाटतो. किर्र म्हणावं तर तो तितका खडबडीत नाही. सूं म्हणावं तर तितका मऊ नाही. टीं त्यातल्या त्यात जवळचा, पण टीं कुठेतरी संपतो, हा संपत नाही. मी डॉक्टरांसमोर हे सगळे आवाज तोंडानं काढून दाखवले. बाहेर बसलेल्या पेशंटांपैकी एक बाई नंतर माझ्याकडे पाहून आपल्या मुलाला जवळ ओढून बसली.

मग कानाची तपासणी. काचेची खिडकी असलेल्या एका लहानशा बंद खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात, हातात बटण देतात आणि सांगतात, आवाज आला की दाबा. मी दाबत गेलो. एकही आवाज निसटू द्यायचा नाही असा निश्चयच केला होता. थोड्या वेळानं खिडकीबाहेरच्या मुलीनं हात हलवला आणि माइकवरून म्हणाली, “काका, मी अजून सुरूच नाही केलं.”

तिला या प्रकाराची सवय असावी. तिनं मग तुटक स्वर सोडले. “तुमचा अखंड आहे ना, माझा तुटक येईल. तुटक आला तरच दाबायचं.” बटणाचा कार्यक्रम आटोपल्यावर तिनं माझ्या आवाजाचं मापही काढलं. म्हणजे बाहेरून एक स्वर कमी-जास्त करत आणायचा आणि तो आतल्याच्या बरोबरीचा झाला की सांगायचं. निकाल ऐकून माझा अपमान झाला. ज्याच्यासाठी मी सिलिंडरला कान लावला, तो आवाज माझ्या ऐकू येण्याच्या सीमेपासून मोजून थोडेच डेसिबल वर होता. बहुतेकांचा एवढाच निघतो, असं तिनं समजावलं. त्रास किती होतो आणि आवाज केवढा आहे, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो म्हणे. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल, पण घरी सांगण्यासारखं नव्हतं. आकड्याचा कागद मी घरातल्या कोणाच्या हाती लागू दिला नाही.

डॉक्टरांनी आतली हकीकत सांगितली. प्रत्येक कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखाच्या आकाराच्या नळीत, जन्मतः सुमारे १५,००० केसपेशी असतात. आवाजाच्या लाटांनी त्यांचे बारीक केस हलतात आणि त्याचे संदेश मेंदूकडे जातात. वय, गोंगाट, काही औषधं यांनी या पेशी मरतात, आणि वरच्या पट्टीतल्या बहुधा आधी मरतात. डोक्यावरचे केस गेले तर आरशात दिसतात, सोयरे बोलून दाखवतात, पैसे मोजले तर पुन्हा लावूनही मिळतात. कानातले जातात त्याची बातमीही येत नाही. माणसात ते पुन्हा उगवत नाहीत, कोंबडीत मात्र उगवतात. हे समजल्यापासून रविवारच्या रश्शाकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. ज्या प्राण्याला ऐकायचं असं विशेष काही नाही, त्याला ही सोय!

आता पेशी मेल्या तर शांतता व्हायला हवी. आवाज कुठून येतो? तर मेंदूला रिकामा रकाना चालत नाही. आमच्याकडे धानाची पैसेवारी ठरते तसाच हा कारभार आहे. शिवारात कोणी फिरकलं नाही तरी तहसिलीत आकडा तयार असतो, आणि एकदा तो कागदावर चढला की खोटा आहे हे शेतकऱ्यानं सिद्ध करायचं. ज्या पट्टीतून कानाकडून काहीच येईनासं झालं, तिथे मेंदूनं बसल्या जागी आकडा भरून टाकला आहे. त्यावर हरकत घ्यायची तर ती याच मेंदूकडे दाखल करावी लागते.

२०२२ साली जगभरच्या अभ्यासांची बेरीज मांडून संशोधकांनी काढलं की प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना हा आवाज येतो. म्हणजे ७४ कोटींच्या वर. एवढ्या संख्येवर एखादा पक्ष सहज निघाला असता. अडचण एकच. सभेत वरून कोणी ‘आवाज कुणाचा’ असं विचारलं तर प्रत्येक जण ‘माझा’ म्हणणार, आणि शेजारी बसलेल्याला तो ऐकू येणार नाही.

माझ्या पेशी कुठे गेल्या, याचा मी शोध घेतला. संशयित पुष्कळ आहेत. आमच्या भागात दिवाळी झाली की मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. झाडीपट्टीतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे सुटतं. त्यातला खलनायक हसायला लागला की ते हसू पाच गावांपर्यंत जावं, अशा बेतानं भोंगे बांधलेले असत. लहानपणी आम्ही मुद्दाम भोंग्याखाली जागा धरायचो. सकाळी धानाच्या बांधीतून घरी परतताना कान सुन्न असायचे, आणि आई काय ओरडते आहे ते तिच्या तोंडाच्या हालचालीवरून ओळखायचं. ते सुन्न होणं म्हणजे आतल्या पेशींनी टाकलेली मान होती, हे आता कळतं. त्यातल्या बऱ्याच दुपारपर्यंत मान वर काढत. काही काढत नसाव्यात.

हल्ली हे काम डीजे करतो आणि फार लवकर करतो. ८५ डेसिबलचा आवाज माणसानं आठ तासांहून जास्त ऐकू नये असा एक मान्य हिशेब आहे, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. डीजेची भिंत त्याहून खाली सहसा बोलत नाही. आणि घरून निघालेली वरात पंधरा मिनिटांत मंडपात पोहोचली, असं गोंदियाच्या इतिहासात घडलेलं नाही. वरातीत नाचणाऱ्या पोरांना मी हे सांगून पाहिलं. त्यांना ते ऐकूच गेलं नाही.

तिसरा संशयित कुनैन. देवरी-सालेकसा हा जंगलपट्टा, आणि हिवताप तिथला जुना रहिवासी. मागच्या पिढ्यांना कुनैनच्या कडू गोळ्यांचा चांगलाच परिचय. कुनैनची मात्रा चढली की कान वाजतात. जुने डॉक्टर तर कान वाजू लागले म्हणजे औषध पुरेसं गेलं असं समजत. अॅस्पिरिनचंही तेच, जास्त झालं की टीं. तेव्हा कान वाजणं ही औषध लागू पडल्याची पावती होती आणि औषध थांबलं की बहुधा तीही थांबायची. मला कुनैन कधी मिळालं नाही. मिळाली ती नुसती पावती.

आमच्या शेजारी जे काकाजी राहतात, ते हयातभर राइस मिलमध्ये ऑपरेटर होते. हलर, पॉलिशर, एलिव्हेटर, कोंडा उडवणारा पंखा, सगळं एका टिनाच्या छपराखाली. त्या छपराखाली बोलायचं म्हणजे ओरडायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून ड्यूटीवर आहे. “आमच्या कानाले कधी काही नाही झालं!” हे त्यांनी मला त्यांच्या अंगणातून सांगितलं, आणि स्टेशनवरच्या हमालांनाही ते कळलं असावं. “तुमी बसून खानारे मानसं. मिलमधी एक मैना काढला असता तं कान वाजलेच नसते!”

आजार कळायला डॉक्टर लागतो. उपाय सांगायला गोंदियात कोणीही पुरतो. साळ्यानं लसूण कढवलेलं तेल सांगितलं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल कोमट करून सोडा, असं गावाकडच्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या मुलानं हळूच बाजूला घेऊन सांगितलं की तेलापेक्षा मोहाचीच दुसरी वस्तू घेतली तर आवाज येतो की नाही याची फिकीरच राहत नाही. शेजारच्या गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे या आजाराचं काय करत असतील कोण जाणे. स्टेशनाबाहेर कानातला मळ काढणाऱ्यानं माझ्या कानात डोकावून असा चेहरा केला की त्याला आत मालगाडीच दिसली असावी. डॉक्टरांनी दम दिला होता की पडद्याला भोक आहे की नाही हे पाहिल्याशिवाय कानात तेल नाही, रस नाही, काडी तर मुळीच नाही. हां, मळानं कान बंद होऊन वाजत असेल तर मळ काढून बरं वाटतं, पण तो दवाखान्यात काढायचा. माझ्या कानात मळ नव्हता. घरात या गोष्टीचं कौतुक होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

या सगळ्यांत आदरानं वागली ती आमगावची मावससासू. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि हात जोडले. “अनाहत नाद आहे जी हा. मोठ्या पुन्याईनं येते.” लोक आसन घालून, अंगठ्यांनी कान दाबून वर्षानुवर्षं बसतात तरी येत नाही, आणि जावयाला काही न करता आला! तिला शंका एवढीच होती की हा जावई आणि एवढी पुण्याई, हिशेब जमत नाही. फोनवर ती खुशाली विचारण्याआधी विचारायची, “शंख आयकू आला का?” मी सांगायचो, “नाही, टींच आहे.” “मंग वेळ आहे अजून.”

मी जुनी पुस्तकं काढून बसलो, तेव्हा माझाच गोंधळ उडाला. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या ‘हठप्रदीपिके’त नादाच्या पायऱ्या दिल्या आहेत. आधी समुद्र, मेघ, भेरी. मग मर्दल, शंख, घंटा. आणि शेवटी किंकिणी, बासरी, वीणा, भुंगा. त्याच्या कित्येक शतकं आधीचा ‘माधवनिदान’ हा वैद्यकाचा ग्रंथ. त्यात कर्णनादाच्या रोग्याला काय ऐकू येतं, तर भेरी, मृदंग, शंख. कर्णक्ष्वेड नावाचा जोडआजार आहे, त्यात वेणू. वाद्यवृंद जवळजवळ तोच! योग्याच्या दारात गेलात तर सिद्धी, वैद्याच्या दारात गेलात तर कानात तेल. फरक एवढाच दिसतो की योग्याला तो आवाज हवा असतो. मी मावससासूला दुसऱ्या ग्रंथाबद्दल काही बोललो नाही. घरात निदान एका माणसानं तरी आपल्याला संत समजावं.

आमच्या भजन मंडळातल्या पेटीवाल्यांनी वेगळाच विडा उचलला. “तुमचा सूर कोनता ते काढू. सूर सापडला की मानूस घाबरत नाही.” त्यांनी काळी चार धरली. मी म्हणालो, वर. काळी पाच. वर. मधलं सप्तक संपलं, तार सप्तक संपलं, त्यांचं बोट पेटीच्या उजव्या टोकाच्या शेवटच्या पट्टीवर आलं, मी अजून वरच बोट दाखवत होतो. पेटी संपली आणि माझा सूर वरती तसाच लटकत राहिला. कानातला आवाज बहुतेक वेळा हजारो हर्ट्‌झचा, पेटीच्या आवाक्याबाहेरचा असतो. “अशा सुरात भजन म्हनता येत नाही,” असा निर्णय देऊन त्यांनी भाता बंद केला. चेक संगीतकार स्मेताना यांना अशीच कानातल्या उंच स्वरानं पीडा दिली होती. त्यांनी १८७६ साली रचलेल्या वाद्यचौकडीच्या शेवटच्या भागात तो स्वर व्हायोलिनवर लांबलचक धरून ठेवला आणि सगळ्या श्रोत्यांना ऐकवला. या आजारात घेता येईल असा यापेक्षा चांगला सूड मला माहीत नाही. पण त्याला व्हायोलिन यावं लागतं.

मग कोणीतरी म्हणालं, तुम्हाला शांततेची गरज आहे. हे वाक्य सगळे म्हणतात आणि सगळ्यांत घातक तेच आहे. शांततेसाठी गोंदियाच्या माणसाला लांब जावं लागत नाही. नवेगाव-नागझिरा हा २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झालेला टापू दाराशी आहे. नागझिऱ्याचं विश्रामगृह तलावाकाठी, विजेच्या तारांपासून लांब. मी गेलो ते हिवाळ्यात. पावसाळ्यात गेलो असतो तर निदान बेडूक आणि रातकिडे कामाला आले असते, पण तेव्हा जंगल बंद असतं. थंडीत किडेही गप्प. दिवे मालवले आणि माझा कार्यक्रम सुरू झाला. गावात जो आवाज मालगाडीच्या पायाशी अंग चोरून बसायचा, तो इथे रात्रभर एकटा मैफल गाजवत होता.

सकाळी जीपमध्ये गाइडनं गाडी बंद करायला लावली. बोट ओठांवर ठेवलं. “आवाज आला?” सगळ्यांनी श्वास रोखला. मी म्हणालो, “मला तर येतोच आहे.” सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. वानरानं दूर कुठेतरी खाकरून इशारा दिला होता म्हणे, तो मला अजिबात आला नव्हता. शेजारी बसलेले पाहुणे शहरातले होते. ते म्हणाले, काय ही शांतता, एक आवाज नाही! मी त्यांना सांगितलं की १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगले कान असलेल्या ८० लोकांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते विचारलं होतं, आणि ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज येतो असंच सांगितलं. तेव्हा नीट कान दिलात तर तुम्हालाही येईल. त्यांनी नीट कान दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला ते माझ्याशी बोलले नाहीत.

जंगलापेक्षा मला सारस मानवतो. परसवाडा, झिलमिलीच्या तलावांकडे, धानाच्या बांधीत नर-मादीची जोडी उभी असते. नरानं मान वर करून एक हाक दिली की मादी दोन देते, असं त्यांचं जोडगाणं चालतं आणि दोनेक किलोमीटर जातं. बारीक पक्ष्यांची किलबिल मला आता येत नाही, ती पट्टीच गेली. सारस मात्र स्पष्ट येतो. “त्याचं बरं आयकू येते,” असं आमच्या हिनं बांधावरच सुनावलं. “माझं बोलनं येत नाही, जे नाही ते रात्रभर येते.” मादीच्या दोन हाका नराच्या एकीला कशा पुरून उरतात, हे मी तेव्हा अगदी जवळून ऐकलं.

कायद्याकडेही पाहून झालं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. माझ्या कानातल्या मंडळाला वर्षाचे ३६५ दिवस सूट आहे, परवानगीचा कागद नाही आणि विसर्जनाची तारीख ठरलेली नाही. तक्रार केली तर शिपाई मीटर घेऊन येणार, मीटर शून्य दाखवणार, आणि खोट्या तक्रारीबद्दल मलाच ठाण्यात बसवणार.

आराम पडला तो अनपेक्षित ठिकाणी. पोरीकडे पुण्याला गेलो होतो, परत येताना महाराष्ट्र एक्स्प्रेस धरली. ही गाडी कोल्हापुरातून निघते आणि मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर करत तेराशे किलोमीटरच्या वर चालून गोंदियाला येते. एवढी चालूनही ती महाराष्ट्राच्या बाहेर पडत नाही. लोक तिला कंटाळतात. मी वरच्या बर्थवर आडवा झालो, खाली चाकांची धडधड, डोक्याशी पंख्याची खडखड, समोरच्या बर्थवर जळगावचे एक घोरणारे सद्गृहस्थ, आणि माझा टीं बेपत्ता! मनमाडला जागा झालो तो चहासाठी, आणि मग थेट वर्ध्याच्या आसपास. इतकी सुंदर झोप मला घरच्या गादीवर कित्येक महिन्यांत लागली नव्हती. गोंदियाला उतरताना मी टीसीला विचारणार होतो की हीच गाडी परत कधी निघते.

डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर आहे. या आजाराला अजून गोळी नाही. आहे ते एवढंच. ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, म्हणजे मेंदूला खरे आवाज मिळतात. रात्री कानाला मंद, एकसारखा कसला तरी आवाज राहू द्या, फार मोठा नको. आणि मनाची धास्ती घालवण्यासाठी समुपदेशकाशी बोला. या उपचाराच्या बाजूनं पुरावा सगळ्यांत चांगला आहे. १९९० साली पावेल जास्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञानं मांडलं की आवाज त्रास देतो तो मेंदूनं त्याला धोक्याचा ठरवल्यामुळे. धोका नाही अशी खात्री पटली की मेंदू त्याला हळूहळू खिजगणतीत धरत नाही. हे मला पटवून द्यावं लागलं नाही. आमचे एक नातेवाईक रेल्वे लाइनीला लागून राहतात. त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा रात्रभर गादीवर उडत असतो आणि सकाळी विचारतो, एवढ्या गाड्या जातात, तुम्ही झोपता कसे? ते प्रामाणिकपणे विचारतात, “कोनत्या गाड्या जी?”

तेव्हा मंद, एकसारखा आवाज. मोबाइलवर पावसाचे, समुद्राचे, झऱ्याचे आवाज मिळतात. समुद्र मला सोसला नाही, कधी नव्हे तो अंगावर आल्यासारखा वाटतो. झऱ्यानं रात्री वारंवार उठावं लागतं. पंख्यानं भागेना. शेवटी डिसेंबरात मी माळ्यावरून कूलर उतरवला.

गोंदियाचा डिसेंबर ज्यांनी पाहिला नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. विदर्भातलं सगळ्यांत कमी तापमान कुठलं, हे पेपरात वाचावं तर अनेकदा आमचंच नाव असतं. अशा थंडीत मी पाणी न टाकता, तोंड भिंतीकडे फिरवून कूलर सुरू केला. वारा भिंतीला थडकून परत खोलीतच फिरायचा. आमची ही दोन ब्लँकेटं, एक गोधडी, स्वेटर आणि कानटोपी अशा तयारीनिशी झोपायची आणि झोपण्यापूर्वी ‘माझ्या माहेरच्यांनी काय पाहून दिलं’ या विषयावर थोडंसं बोलायची. ते मला कूलरमुळे पूर्ण ऐकू यायचं नाही. उपचाराचा हा दुसरा फायदा. मी मात्र झोपू लागलो. टीं होता, आहे, पण घरघरीच्या मागे कुठेतरी बसून असतो आणि मी रोज त्याची चौकशी करायला जात नाही.

एका रात्री साडेदहाच्या सुमाराला दार वाजलं. मिलवाले काकाजी, मफलर कानांवरून गुंडाळलेला, हातात काठी. त्यांच्या भिंतीपलीकडेच आमचा कूलर.

“हा आवाज कोनाचा जी, एवढ्या रातचा!”

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. मी त्यांचा हात धरला. “तुम्हाला येतो आवाज? खरंच येतो?”

“येते म्हंजे! दहानंतर आवाज करायची मनाई आहे. पेपरात वाचलं मी.”

मी त्यांना आत आणून कूलरजवळ खुर्चीवर बसवलं आणि हकीकत सांगू लागलो. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे. त्यांनी मफलर कानांवरून थोडा सरकवला, मान तिरपी केली, एक कान कूलरकडे केला, मग दुसरा केला. काठी भिंतीला टेकवली. बराच वेळ ते तसेच बसले. ही गोधडीतून तोंड बाहेर काढून पाहत होती.

“बंद करू का काकाजी?” मी विचारलं.

त्यांनी हातानं नको केलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

“मिलमधून रिटायर झालो तवापासून आहे मले. घरी सांगतलं नाही कोनाले.” आणि कूलरच्या मागच्या बाजूला वाकून पाहत म्हणाले, “मोटर कोनत्या कंपनीची आहे जी? आन् पानी न टाकता जळत तं नाही ना?”